खाऱ्या वाऱ्यासमोरची काच

आषाढात श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे निघालेल्या गाडीला पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त भेटतो. समुद्रावरचा वारा थेंबांना आडवे करून काचेवर आणतो. त्यात खाऱ्या पाण्याचे तुषार असतात आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेला जांभ्याचा तांबडा चिखलही. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या गाडीचे वायपरही इथे दमतात. सुट्या भागांतून हाताने जुळवलेल्या गाडीची, म्हणजे किट कारची, खरी परीक्षा तर याच रस्त्यावर होते. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे कुठल्या ना कुठल्या चालत्या गाडीतून घेतलेले, आधीच पारखलेले असतात. समोरची काच आणि तिच्यावरचे वायपर मात्र त्या गाडीपुरते नव्याने जमवावे लागतात.

रायगडच्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. गिडो बोथे आणि शमा बोथे यांची ‘चिंकारा मोटर्स’ अलिबाग तालुक्यातली. तिची ‘रोडस्टर १.८ एस’ ही दोन आसनी, उघडी, फायबरच्या अंगाची गाडी ब्रिटनच्या ‘लोटस सेव्हन’च्या घाटणीवर बेतलेली आहे. इंजिन होते १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरमध्ये बसत असे तेच. मूळ लोटस सेव्हन कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या की सवलत जायची. म्हणून कंपनीने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या शेवटापासून वाचल्या, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये तिथली करपद्धत बदलली आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले.

अशा गाड्यांची काच बहुधा सपाट, बुटकी आणि जवळजवळ उभी असते. वरवर पाहता काम सोपे वाटते: चौकट करा, काच बसवा, बोल्ट आवळा. पण काच कोणती, इथूनच निर्णय सुरू होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरची काच लॅमिनेटेड सुरक्षा काचच हवी आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ, चिवट थर. दगड लागला तर ती तडकते, पण तुकडे जागेवर धरून ठेवते. या काचेचे मूळ फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्याकडे जाते. १९०३ मध्ये त्यांच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा होता. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतले.

किट कार बनवणाऱ्यासाठी या काचेचा आणखी एक गुण मोलाचा आहे. ती हव्या त्या मापात कापता येते. दोन्ही बाजूंनी रेघ मारून काच मोडायची आणि मग मधला थर कापायचा. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, छिद्रही पाडता येत नाही. प्रयत्न केला तर तिचा भुगा होतो. ॲक्रिलिकचा पत्रा स्वस्त आणि हलका असतो, पण नियमात बसत नाही, आणि वायपर फिरू लागला की त्यावर थोड्याच दिवसांत ओरखड्यांची जाळी उमटते. रात्री समोरून दिवे आले की त्या जाळीतून रस्ता दिसेनासा होतो.

काच कापून आणली की कडा घासून घ्याव्या लागतात, कारण कडेच्या बारीक टवक्यातूनच पुढे तडा धावतो. चौकटीत ती रबराच्या पन्हळीत बसली पाहिजे, धातूला कुठेही टेकता कामा नये. फायबरचे अंग वेगात आणि खड्ड्यांत थोडे वाकते. चौकटीचे खांब नुसत्या फायबरला बोल्टने आवळले तर तो सगळा पीळ काचेवर येतो. खांबाखाली आतून पोलादी पट्टी देऊन भार पसरवला, तरच काच टिकते. किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारले आणि खारे पाणी मध्ये शिरले की ॲल्युमिनियम पांढरे पडून झिजू लागते. मध्ये नायलॉनचे वॉशर घातले तर ते बरेच रोखता येते. चार रुपयांच्या वॉशरसाठी चौकट गमावण्यात शहाणपण नाही.

मग वायपर. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकाची बर्फाने झालेली अडचण पाहिली आणि आतून दांड्याने फिरवायच्या वायपरचे पेटंट १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये मिळवले. त्यातून त्यांना पैसा मिळाला नाही. आज आपल्याकडे नियम १०१ मोटारीला यंत्रशक्तीवर चालणारा, नीट काम करणारा वायपर सक्तीचा करतो.

किट कारमध्ये मोटर बहुधा जुन्या गाडीची येते, आणि खोट तिथेच राहते. मोटर किती अंशांत पाते फिरवते, हे तिच्या गिअरवर ठरते. बुटक्या काचेवर पाते मोठे पडले तर चौकटीला आपटते, लहान पडले तर डोळ्यासमोरच पट्टा राहतो. परदेशी आराखडा डाव्या बाजूच्या चालकाचा असेल तर तो आरशात पाहावा तसा उलटा करावा लागतो. नाही तर आपल्या उजव्या बाजूच्या चालकासमोरचाच कोपरा ओला राहतो. आधी पुठ्ठ्यावर पात्याची फेरी आखावी, आसनावर बसून नजर तपासावी आणि मगच फायबरला भोक पाडावे. चाचणी नेहमी ओल्या काचेवर घ्यावी.

चालू मोटर बंद केली की पाते काचेच्या मध्येच थांबू नये, म्हणून गिअरच्या पेटीत एक स्विच असतो. बटण बंद केल्यावरही पाते खाली येईपर्यंत तो वीज देत राहतो. या स्विचची जोडणी चुकली की पाते नजरेसमोर आडवे येऊन उभे राहते. फायबरच्या गाडीत तर वायरिंगचा पायाच बदलतो. पत्र्याच्या गाडीत अंगातूनच अर्थिंग मिळते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून मोटरला अर्थची वेगळी तार सांगाड्यापर्यंत न्यावीच लागते. ती विसरली की मोटर ढिम्म हलत नाही, आणि बिचारा वायरमन नवी मोटर शोधत फिरतो.

हाताने गाडी बनवणाऱ्यांबद्दल महाराष्ट्राला प्रेम आहे, आणि असायलाच हवे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे साठ हजारांत छोटी जीप उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे मनापासून कौतुक केले, पण ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ही बोलेरो लोहार यांना मिळाली. हुनर आणि परवाना यांमधली दरी इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. ती पूर्ण बुजेल असे नाही, पण काच, वायपर, दिवे आणि ब्रेक या चार ठिकाणी नियम समजून घेऊन काम केले, तर ती बरीच अरुंद होईल.

म्हणून रायगडात अशी गाडी उभारणाऱ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते: काचेवर मानकाचा शिक्का आहे का ते पैसे देण्याआधी पाहा आणि पेणच्या आरटीओ कार्यालयात नोंदणीचे नियम गाडीला हात लावण्याआधी विचारून घ्या. आणि किट कार असो वा कारखान्याची, हरिहरेश्वरला मुक्काम केलात तर सकाळी काचेवर मिठाचा आणि वाळूचा थर बसलेला असतो. कोरड्या काचेवर वायपर सोडू नका. आधी गोड्या पाण्याची बादली ओता, पात्याचे रबर ओल्या फडक्याने पुसा, मगच बटण दाबा.