मीठ कोणाचे? भोपाळमधील 1857

1857 च्या उठावाचा विचार करताना देशी संस्थानांची 'इंग्रजांच्या बाजूची' आणि 'बंडवाल्यांच्या बाजूची' अशी सरळ वाटणी करण्याचा प्रघात आहे. भोपाळचा इतिहास या वाटणीत बसत नाही. तेथे निष्ठेची दुफळी एकाच राज्यात, किंबहुना एकाच पलटणीत पडली.

तिचे मूळ 1818 च्या तहात आहे. त्यापूर्वी काही वर्षे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा दिला होता. वजीर मुहम्मद खान यांनी तेव्हा शहर झुंजवून राखले. तो धोका कायमचा टळावा म्हणून भोपाळने कंपनीचे संरक्षण पत्करले आणि मोबदल्यात 600 घोडेस्वार व 400 पायदळ पुरवण्याचे मान्य केले. पुढे यातूनच सीहोरच्या छावणीतील 'भोपाळ कंटिंजंट' आकारास आली. पैसा भोपाळचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा. अशा शिपायाने मीठ नेमके कोणाचे खाल्ले होते?

1 जुलै 1857 रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कर्नल ट्रॅव्हर्स यांच्यामागे मोजकेच स्वार धावले. 6 ऑगस्टला सीहोरच्या शिपायांनी 'सिपाही बहादुर' सरकार स्थापन केले आणि हिंदू व मुसलमान अशी दोन्ही निशाणे उभारली. म्हणजे फूट धर्माची नव्हती. वजीर मुहम्मद यांची नात सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूस राहिल्या. त्यांच्याच राज्यातील गढी आंबापाणीचे जहागीरदार फाजिल मुहम्मद खान उठावात उतरले.

जानेवारी 1858 मध्ये सर ह्यू रोज सीहोरला पोहोचले आणि पकडलेल्या शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या. स्थानिक स्मृती त्यांची संख्या 356 सांगते. त्याच महिन्यात फाजिल मुहम्मद यांना राहतगडच्या किल्ल्यात फाशी झाली. बेगम यांना मात्र 1860 मध्ये बैरसिया परगणा बक्षीस मिळाला. तो धारच्या पवारांकडून काढून घेतलेला होता.

ज्या तहाने आजोबांचे राज्य तगले, तो मोडणे बेगम यांना आत्मघात वाटला. शिपायांना तोच तह दास्याचा करार वाटला. सीहोरला सिवन नदीकाठच्या समाधीस्थळी लोक आजही 14 जानेवारीस शिपायांना श्रद्धांजली वाहतात.