होल्डेमच्या काळातील स्टड : पोकरमधील एका आवडीची मीमांसा

प्रस्तावना

पोकर हे एका खेळाचे नाव नसून पत्त्यांच्या खेळांच्या एका कुळाचे नाव आहे. पाच पानांचा सर्वांत वरचढ संच जुळविणे आणि प्रत्येक टप्प्यावर पैज लावणे अथवा डाव सोडणे, एवढीच या कुळातील समान बाब होय. पाने किती वाटावयाची, त्यांपैकी किती उघडी ठेवावयाची आणि पैज केव्हा लावावयाची, हे प्रत्येक प्रकारात वेगळे असते. आज जगभर पोकर म्हटले की सामान्यतः टेक्सास होल्डेम हाच प्रकार अभिप्रेत असतो. तथापि अमेरिकेतील काही खेळाडू, विशेषतः पूर्व किनाऱ्यावरील जुन्या पिढीतील खेळाडू, सात पानी स्टड हा प्रकार जाणीवपूर्वक निवडतात. ही निवड केवळ सवयीतून होते की तिला खेळाच्या रचनेतच काही आधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन प्रकारांची रचना

होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेली पाने मिळतात. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी प्रथम तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडली जातात. ही पाच पाने सर्वांची सामाईक असतात. पैजेच्या फेऱ्या चार होतात.

सात पानी स्टडमध्ये सामाईक असे काही नसते. प्रत्येकाला आरंभी दोन झाकलेली व एक उघडे पान मिळते. पुढे एकेक करून तीन उघडी पाने आणि शेवटी सातवे पान पुन्हा झाकलेले मिळते. अशा रीतीने प्रत्येक खेळाडूसमोर स्वतःची चार उघडी व तीन झाकलेली पाने असतात आणि पैजेच्या फेऱ्या पाच होतात. आरंभी सर्वांनाच थोडी रक्कम मध्ये टाकावी लागते. आपल्याकडील तीन पत्तीत जे ‘बूट’, तेच हे. होल्डेममध्ये मात्र ही सक्ती दर डावाला सहसा दोनच खेळाडूंवर असते. स्टड बहुधा ठरावीक रकमेच्या पैजांनी खेळला जातो. होल्डेमचा लोकप्रिय अवतार अमर्याद पैजेचा आहे.

उघडी पाने आणि स्मरणशक्ती

स्टडच्या चाहत्यांचा मुख्य युक्तिवाद उघड्या पानांभोवती फिरतो आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. आठ खेळाडूंच्या टेबलावर एखाद्याला पहिली तीनही पाने बदामाची मिळाली, असे समजू. त्याला स्वतःची तीन आणि इतरांची सात उघडी पाने दिसतात. ४२ पाने अज्ञात राहतात. इतरांच्या सात पानांत एकही बदाम नसेल, तर अज्ञात पानांत १० बदाम शिल्लक आहेत. अशा स्थितीत उरलेल्या चार पानांत किमान दोन बदाम येऊन फ्लश पूर्ण होण्याची संभाव्यता सुमारे २३.६ टक्के येते. त्या सात पानांत चार बदाम असतील, तर शिल्लक बदाम सहाच राहतात आणि हीच संभाव्यता सुमारे ९.१ टक्क्यांवर उतरते. हातातली पाने तीच, पण त्यांचे मोल अडीचपटीहून अधिक बदलले. पहिल्या स्थितीत ही पाने पुढे नेण्याजोगी आहेत. दुसऱ्या स्थितीत ती निमूटपणे सोडून देणेच शहाणपणाचे.

होल्डेममध्ये असे घडत नाही. हातात दोन बदाम असून पहिल्या तीन सामाईक पानांत आणखी दोन बदाम आले, तर अज्ञात ४७ पानांत नऊ बदाम उरतात आणि पुढील दोन पानांत फ्लश होण्याची संभाव्यता सुमारे ३५ टक्के असते. हा आकडा एकदा पाठ केला की तो प्रत्येक वेळी लागू पडतो, कारण इतरांनी सोडलेली पाने कोणालाच दिसत नाहीत. स्टडचे समर्थक म्हणतात की होल्डेमचे कोष्टक पाठ करता येते, स्टडचे कोष्टक प्रत्येक डावात नव्याने मांडावे लागते. या म्हणण्यात अतिशयोक्ती आहे, पण ते निराधार नाही. होल्डेममध्ये आरंभीच्या दोन पानांच्या जोड्या १,३२६ होतात व रंगांचा भेद वगळला तर त्यांचे केवळ १६९ प्रकार उरतात. स्टडमध्ये आरंभीच्या तीन पानांचे संच २२,१०० आहेत, आणि त्यातील प्रत्येकाचे मूल्य समोरच्या उघड्या पानांनुसार बदलते.

यातील खरी अडचण पुढेच आहे. जो खेळाडू डाव सोडतो त्याची उघडी पाने पालथी करून काढून घेतली जातात. काही क्षण दिसलेले पान नंतर पुन्हा पाहता येत नाही व कोणाला विचारताही येत नाही. पाचव्या पानाच्या वेळी निर्णय घेताना तिसऱ्या पानाच्या वेळी कोणाचा राजा व कोणाची दश्शी गेली, हे ज्याला आठवते त्याच्याजवळ इतरांना नसलेले ज्ञान असते. मेंढीकोट किंवा ब्रिज खेळणाऱ्या मराठी वाचकाला हे कौशल्य परिचित आहे. पडलेली पाने ध्यानात ठेवणारा भिडू आणि न ठेवणारा भिडू यांतील अंतर त्याने अनुभवलेले असते. स्टडमध्ये त्या अंतराची किंमत रोख पैशात चुकवावी लागते. अनेक दशके हा सराव केलेल्या खेळाडूला होल्डेमच्या टेबलावर आपली ही कमाई निरुपयोगी ठरताना दिसते. त्याच्या नाराजीचे हे एक मूळ मानावयास हरकत नाही. अर्थात वयोमानाने स्मरणशक्ती क्षीण होते तेव्हा हाच खेळ त्याला सर्वांत आधी शिक्षा करतो.

बसण्याची जागा व पैजेची मर्यादा

होल्डेममध्ये वाटप करणाऱ्याची खूण टेबलाभोवती फिरते आणि ती ज्याच्यासमोर असते तो पहिल्या फेरीनंतरच्या सर्व फेऱ्यांत शेवटी बोलतो. इतरांचे निर्णय पाहून स्वतःचा निर्णय घेण्याचा हा लाभ मोठा असतो. स्टडमध्ये पहिल्या फेरीस सर्वांत लहान उघडे पान असणारा आरंभ करतो आणि पुढील प्रत्येक फेरीस सर्वांत वरचढ उघडी पाने असणारा. त्यामुळे बोलण्याचा क्रम एकाच डावात अनेकदा बदलू शकतो; जागेचा लाभ कोणाच्या बैठकीला चिकटून राहत नाही.

ठरावीक पैजेचा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. अमर्याद होल्डेममध्ये एका चुकीने अथवा एका दुर्दैवी पानाने समोरची सगळी रक्कम जाऊ शकते. ठरावीक पैजेच्या स्टडमध्ये एका डावात किती जाऊ शकते याचा अंदाज आधीच बांधता येतो. मर्यादित उत्पन्नातून संध्याकाळचा विरंगुळा म्हणून खेळणाऱ्या निवृत्त माणसाच्या दृष्टीने हा भेद तात्त्विक नाही. मात्र यावरून स्टड हा निरुपद्रवी खेळ ठरत नाही. आरंभीची रक्कम प्रत्येक डावाला प्रत्येकाकडून जाते, फेऱ्या पाच आहेत, आणि ‘एवढे घातलेच आहेत, आणखी एक पान पाहू’ हा मोह स्टडमध्ये अधिक. ठरावीक पैजेत पैसा संथपणे जातो, इतकेच. संथपणे गेलेल्या पैशाचा हिशेब माणूस कमी ठेवतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्टड मागे का पडला

पाच पानी स्टड अमेरिकन यादवी युद्धाच्या सुमारास प्रचारात आला आणि विसाव्या शतकात सात पानी स्टडने त्याची जागा घेतली. होल्डेमचे जन्मस्थान म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन या गावाला मान्यता दिली. हा खेळ १९६० च्या दशकात लास व्हेगासला पोहोचला आणि १९७० साली सुरू झालेल्या पोकरच्या जागतिक मालिकेने लवकरच त्याला आपल्या मुख्य स्पर्धेचे स्थान दिले. तरीही पूर्वेकडे स्टडचा प्रभाव टिकून होता. अटलांटिक सिटीमध्ये १९९३ साली पोकरला परवानगी मिळाली तेव्हा तेथील टेबलांवर स्टडचेच प्राबल्य होते.

हे चित्र पालटण्यास खेळाच्या गुणवत्तेपेक्षा बाह्य कारणे अधिक जबाबदार आहेत, असे दिसते. होल्डेमच्या टेबलावर नऊ-दहा जण बसू शकतात. दहा खेळाडूंना वीस व सामाईक पाच अशी पंचवीस पाने पुरतात. स्टडमध्ये आठ खेळाडू शेवटपर्यंत राहिले तर ५६ पाने लागतील, आणि कॅटमध्ये तर ५२ च असतात. अशा क्वचित प्रसंगी शेवटचे पान सामाईक म्हणून मध्ये उघडावे लागते. प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेणाऱ्या कॅसिनोला अधिक खेळाडूंचा व जलद आटोपणारा खेळ सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे.

दूरचित्रवाणीने उरलेले काम केले. झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखविणारा कॅमेरा १९९९ साली ब्रिटनमधील एका कार्यक्रमात वापरला गेला व पुढे अमेरिकेत रुळला. होल्डेममध्ये प्रत्येकाची दोनच पाने पडद्यावर मांडावी लागतात, स्टडमध्ये सात. २००३ साली ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने इंटरनेटवरील एका लहान पात्रता स्पर्धेतून प्रवेश मिळवून मुख्य स्पर्धा जिंकली व २५ लाख डॉलर मिळविले. त्या वर्षी स्पर्धक ८३९ होते. २००६ साली ते ८,७७३ झाले. ही सर्व नवी मंडळी होल्डेमच शिकून आली.

संगणकाचा मुद्दा यानंतरचा. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंच्या ठरावीक पैजेच्या होल्डेमचे गणित व्यवहारतः सुटल्याचे जाहीर केले आणि २०१९ साली प्लुरिबस या प्रणालीने सहा खेळाडूंच्या अमर्याद होल्डेममध्ये व्यावसायिकांवर मात केली. अभ्यासाची साधने जेथे खेळाडू अधिक तेथेच अधिक निर्माण होतात. त्यामुळे स्टडचा खेळाडू अजून पुष्कळसा स्वतःच्या अनुभवावर विसंबून असतो, आणि कित्येकांना तेच हवे असते.

स्टड आज मुख्यतः मिश्र खेळांच्या आश्रयाने टिकला आहे. ‘हॉर्स’ या प्रकारात पाच खेळ आळीपाळीने खेळले जातात आणि त्यांपैकी तीन स्टडच्याच घराण्यातील आहेत. २००६ साली जागतिक मालिकेत ५०,००० डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स स्पर्धा प्रथमच झाली. ती चिप रीझ यांनी जिंकली. डॉयल ब्रन्सन यांच्या प्रसिद्ध पोकर-ग्रंथातील सात पानी स्टडचे प्रकरण लिहिणारे तेच. अष्टपैलू खेळाडूची कसोटी म्हणून योजिलेल्या या स्पर्धेचे अंतिम टेबल मात्र त्या वर्षी दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी केवळ अमर्याद होल्डेमवर खेळविण्यात आले.