जनरल प्लास्तिरास : दंड आणि क्षमा

आधुनिक ग्रीसच्या राजकारणात सेनानींनी वारंवार हस्तक्षेप केला आहे. त्यांत निकोलाओस प्लास्तिरास (१८८३–१९५३) याचे चरित्र विशेष विचारार्ह ठरते. शस्त्रबळाने मिळविलेली सत्ता आणि मतदानाने लाभलेली सत्ता यांतील अंतर येथे एकाच व्यक्तीच्या आयुष्यात दिसून येते.

थेसली प्रांतातील कार्दित्सा परिसरात जन्मलेला प्लास्तिरास १९०३ मध्ये साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. बाल्कन युद्धांतील (१९१२–१३) पराक्रमामुळे त्यास ‘काळा घोडेस्वार’ हे नाव पडले. १९२२ च्या ऑगस्टमध्ये आशिया मायनरमधील ग्रीक आघाडी कोसळली, तेव्हा कर्नल प्लास्तिरासने आपली एव्झोन पलटण शिस्तीने माघारी आणली. पुढच्याच महिन्यात खिओस व लेस्बोस बेटांवरील सैन्याने उठाव केला. त्याचे नेतृत्व प्लास्तिरास व कर्नल गोनातास यांनी केले. राजा कॉन्स्टन्टाइन यास पदत्याग करावा लागला. पराभवास जबाबदार ठरवून तीन माजी पंतप्रधान, दोन मंत्री व सरसेनापती हाजियानेस्तिस यांना लष्करी न्यायालयाने देशद्रोहाबद्दल देहान्त शासन फर्माविले. २८ नोव्हेंबर १९२२ रोजी अथेन्सजवळील गूडी येथे सहाही जणांना गोळ्या घालण्यात आल्या. जानेवारी १९२४ मध्ये प्लास्तिरासने सत्ता निर्वाचित सभेच्या हाती सोपविली.

१९३३ मधील त्याचा दुसरा उठाव मात्र फसला आणि त्यास दीर्घकाळ फ्रान्समध्ये राहावे लागले. १९४५ मध्ये तो अल्पकाळ पंतप्रधान झाला. यादवी युद्ध (१९४६–४९) संपल्यावर तो पुन्हा राजकारणात उतरला, तो सलोख्याचा पुरस्कर्ता म्हणून. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५१–५२ मध्ये तो संमिश्र मंत्रिमंडळांचा प्रमुख होता. शिक्षा सौम्य कराव्यात, हे त्याचे धोरण. परंतु सहकारी पक्ष, राजसत्ता व सेनाधिकारी यांच्यापुढे त्याचे फारसे चालले नाही. साम्यवादी नेता नीकोस बेलोयान्निस याच्यासाठी देशोदेशींहून दयेची याचना झाली. ती व्यर्थ ठरली. ३० मार्च १९५२ रोजी बेलोयान्निस व त्याचे तीन सहकारी यांना त्याच गूडी येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी पंतप्रधान प्लास्तिरासच होता.

नोव्हेंबर १९५२ च्या निवडणुकीत मार्शल पापागोसने त्याचा पराभव केला. जुलै १९५३ मध्ये त्याचे निधन झाले. ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्या सहा जणांवरील दोषारोप रद्द ठरविला. दंड देण्यास प्लास्तिरासला काही आठवडे पुरले. क्षमा करण्यास मात्र पंतप्रधानपदही अपुरे पडले. त्याच्या कारकिर्दीचे मर्म या विषमतेत आहे.