गारपीट, मराठवाड्यातील

गर्जन्मेघांतून ५ मिमी. किंवा त्याहून अधिक व्यासाचे बर्फाचे गोळे पडण्याच्या आविष्कारास गारपीट म्हणतात. मराठवाड्यात हिमवर्षाव होत नाही. आकाशातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपानेच. मन्याड नदीकाठचे कंधार (जि. नांदेड) व लगतचा लातूर जिल्हा या प्रदेशात गारपीट ऐन थंडीपेक्षा हिवाळा सरताना, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. रब्बी पिकांच्या काढणीचा हंगामही याच काळात येत असल्याने तिला आर्थिक दृष्ट्या फार महत्त्व आहे.

कारणे व निर्मिती : या दिवसांत दुपारी जमीन चांगलीच तापते. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी दक्षिणेकडे उतरल्यास वरच्या थरांत थंड हवा येते. त्याच वेळी बंगालचा उपसागर वा अरबी समुद्र यांवरून बाष्पयुक्त हवा आली, तर वातावरण अस्थिर होऊन उत्तुंग गर्जन्मेघ तयार होतात. त्यांतील जोरदार ऊर्ध्व प्रवाहांमुळे हिमकण गोठणपातळीच्या वर तरंगत राहतात. ०° से. खालीही द्रवरूपात असलेले जलबिंदू त्यांवर गोठून थर चढतात. गार कापून पाहिल्यास पारदर्शक व दुधी थर आलटून पालटून दिसतात. तिचे वजन प्रवाहाला पेलवेनासे झाले म्हणजे ती खाली पडते. पावसाळ्यात गोठणपातळी अधिक उंचावर असल्याने लहान गारा वाटेतच वितळतात. म्हणून त्या ऋतूत गारपीट विरळा होते.

२०१४ ची गारपीट : फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर व मध्य महाराष्ट्र यांत वारंवार गारपीट झाली. ज्वारी, गहू, हरभरा ही पिके आणि द्राक्षे, डाळिंबे, मोसंबी यांच्या बागा यांची अपरिमित हानी झाली. जनावरे व पक्षीही मोठ्या संख्येने मेले.

परिणाम व उपाय : सु. २·५ ते ४·५ सेंमी. व्यासाची गार ताशी सु. ४० ते ६४ किमी. वेगाने आदळते. त्यामुळे ज्वारीची कणसे मोडतात, हरभऱ्याचे घाटे गळतात व आंब्याचा मोहोर झडतो. उघड्यावरील माणसांच्याही जिवावर बेतते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद (उत्तर प्रदेश) परिसरातील गारपिटीत २४६ माणसे दगावली.

गारपिटीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. एका शिवारातील पीक झोडपले जाते, तर शेजारचे शिवार बचावते. त्यामुळे महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून एखाद्या शेतकऱ्याची हानी ठरविल्यास ती लपून जाते. शेतनिहाय पंचनामा आवश्यक ठरतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ तरतुदींत गारपीट ही स्थानिक आपत्ती गणली असून हानीची सूचना ४८ तासांत देण्याची अट होती.

डॉप्लर रडारमुळे गारांचे मेघ ओळखता येतात, तथापि नेमक्या ठिकाणाची सूचना काही तासच आधी देता येते. तेवढ्या अवधीत कापलेले पीक झाकणे व जनावरे निवाऱ्याला नेणे शक्य होते; उभे पीक वाचविणे मात्र शक्य होत नाही. फळबागांवर गाररोधक जाळ्या घालतात, परंतु कोरडवाहू शेतीस हा खर्च परवडत नाही.