लग्नपत्रिकेचे बदलते रूप आणि मागे पडलेला मजकूर

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या घराघरांत मुहूर्तांच्या याद्या निघतात आणि पाठोपाठ पत्रिकांचे नमुने येऊ लागतात. पूर्वी नमुने पाहायला आपल्याला जावे लागे. मुंबईत गिरगावच्या कांदेवाडीत, म्हणजे खाडिलकर रस्त्यावर, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाड आल्बम चाळताना अर्धा दिवस सहज सरत असे. तालुक्याच्या गावी छापखानेवाला बाजारातून आणलेली कोरी कार्डे पुढे करी आणि त्यातील एकावर मजकूर छापून देई. आता नमुने फोनवर येतात, तेही शंभराच्या घरात, आणि घरातील तीन पिढ्या तीन वेगळे नमुने पसंत करून बसतात.

गेल्या दोन-तीन हंगामांत माझ्याकडे आलेल्या पत्रिका समोर मांडल्या, तर बदल लगेच ध्यानात येतो. मरून आणि गर्द लाल मागे पडले असून फिकट गुलाबी, पिस्ता, मोतिया आणि राखी निळा यांची चलती आहे. गणपती, कलश आणि सनई-चौघड्याच्या ठरावीक ब्लॉकऐवजी जलरंगातील चित्रे आली आहेत : पिछवाईतील गाई आणि कमळे, लग्नस्थळाचा राजवाडा, क्वचित वधूवरांची हसरी व्यंगचित्रे. एका पत्रिकेवर वराच्या पणजोबांचे मूळ दुकान, त्याच्या फळ्यांच्या दारांसकट, रेखाटलेले होते. ती कल्पना मला फार आवडली. दोघांच्या आद्याक्षरांची गुंफण करून केलेली मुद्रा पाकिटापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सर्वत्र फिरते. मजकुरावर अर्धपारदर्शक कागदाचे आवरण, वर रेशमी दोरा आणि त्यावर लाखेची मोहोर. ही मोहोर आम्ही बँकवाले सीलबंद पाकिटांवर पाहत आलो. तिचा अर्थ आतला ऐवज मधल्या मध्ये कोणी हाताळलेला नाही, एवढाच असे. आता ती केवळ शोभेची झाली आहे.

सोनेरी अक्षरांचे आकर्षण मात्र कमी झालेले नाही. ही अक्षरे शाईने छापलेली नसतात. धातूचा ठसा तापवून त्याच्याखाली अतिशय पातळ फॉइल दाबली जाते आणि ठशाच्या आकारापुरती ती कागदाला चिकटते. या फॉइलमध्ये सोने नसते; ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर आणि त्यावर पिवळसर लेप असतो. ठसा एकदाच करावा लागतो, मग प्रती शंभर काढा किंवा हजार. ऑफसेट छपाईतही चार रंगांच्या चार प्लेटा एकदाच बनतात. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकवला जाणारा स्थिर आणि चल खर्चाचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडतो : प्रती वाढल्या की दर उतरतो. डिजिटल छपाईने हे गणित बदलले. तिथे प्लेट नाही, म्हणून पन्नास प्रतीही परवडतात आणि प्रत्येक प्रतीवर पाहुण्याचे नाव वेगळे छापता येते.

यातूनच आजची सर्वांत मोठी रीत निघाली आहे. जवळच्या शंभर घरांना मखमली पेटी, तीत सुकामेवा आणि पाच-सहा वेगवेगळी पाने. उरलेल्यांना साधे कार्ड किंवा फोनवर पीडीएफ. खर्चाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे दिसते, पण एकाच गल्लीतील दोन चुलत भावांपैकी एकाला पेटी आणि दुसऱ्याला फाईल गेली की पंक्तिप्रपंच लग्नाच्या आधीच सुरू होतो. शिवाय पेटीचा खरा खर्च तिच्या किमतीत दिसत नाही. बहुतेक कुरिअर कंपन्या आकारमानावरून वजन धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचे. तीस बाय तीस बाय दहाची पेटी काट्यावर सातशे ग्रॅम भरली, तरी भाडे एक किलो आठशे ग्रॅमचे लागते. पाकिटाचे तोंड उघडे ठेवून, कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहून पत्रिका टपालात टाकणाऱ्या पिढीला हा हिशेब सांगितला, तर ती दचकेल.

आमंत्रण नटवणे ही आजच्याच श्रीमंतीची खोड आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये अंबानी कुटुंबातील विवाहाची, चांदीचे छोटे मंदिर असलेली पत्रिका देशभर पाहिली गेली आणि तिच्या नकला बाजारात आल्या, हे खरे. पण आपल्याच व्यापारी समाजाने पूर्वी आचार्यांना चातुर्मासासाठी पाठवलेली विज्ञप्तिपत्रे आठवावीत. उदयपूरच्या संघाने १८३० मध्ये आचार्य जिनहर्षसूरींना पाठवलेले पत्र सुमारे ७२ फूट लांबीचे असून त्यात शहरातील बाजार आणि रस्ते रंगवलेले आहेत. ते बिकानेरच्या अभय जैन ग्रंथालयात आहे. एवढा थाट होता, पण प्रत एकच होती आणि ती जपली गेली. चित्र कशासाठी, तर ‘आमचे गाव असे आहे, आपण यावे’ हे सांगण्यासाठी. चित्र मजकुराच्या बाजूने उभे होते.

आजच्या पत्रिकेत नेमके तेच उलटे झाले आहे, आणि माझा आक्षेप एवढाच आहे. पत्रिका हा मुळात दस्तऐवज आहे. कोणाचा विवाह कोणाशी, कोणत्या दिवशी, कुठे आणि कोणाच्या निमंत्रणावरून, याची ती लेखी साक्ष असते. याचा प्रत्यय आम्हाला नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. नोटबंदीनंतर रिझर्व्ह बँकेने २१ नोव्हेंबरच्या परिपत्रकाने विवाहासाठी अडीच लाख रुपयांपर्यंत रक्कम काढण्याची सवलत दिली. विवाह ३० डिसेंबरपर्यंतचा हवा, रक्कम ८ नोव्हेंबरअखेर खात्यात शिल्लक असलेली हवी, आई-वडील किंवा स्वतः वधू वा वर यांपैकी एकानेच ती काढायची, आणि पुरावा म्हणून लग्नपत्रिका व हॉल, केटरर इत्यादींना दिलेल्या आगाऊ रकमांच्या पावत्या जोडायच्या. त्या दिवसांत काउंटरवर पत्रिकांचा ढीग लागे. साध्या पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईत छापलेली पत्रिका मिनिटभरात तपासून होई. गर्द मरून कागदावर सोनेरी फॉइलची अक्षरे असलेली देखणी पत्रिका झेरॉक्सवर ठेवली, की प्रत काळीठिक्कर निघे. ना वधूचे नाव दिसे, ना तारीख. अशा वेळी मुलीच्या वडिलांना भर रांगेत उभे राहून मजकूर हाताने लिहून द्यावा लागे.

तो प्रसंग अपवादात्मक होता असे कोणी म्हणेल. पण आजही महाराष्ट्रात विवाह नोंदणीसाठी अर्जासोबत लग्नपत्रिका मागितली जाते आणि ती नसल्यास प्रतिज्ञापत्र करावे लागते. लेझरने जाळी कापलेली, आरपार दिसणारी पत्रिका स्कॅन करून पाहावी, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

नव्या रचनेत सर्वांत आधी कात्री लागते ती नावांना. वडीलधाऱ्यांची, काका-मामांची, आत्यांची भली मोठी यादी डिझाइनरला ‘गर्दी’ वाटते. खाली छापली जाणारी प्रतिष्ठानांची नावे तर त्याला जाहिरातच वाटते. कर्जप्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा! कोणती पेढी कोणत्या घराण्याची, विभक्त झालेले भाऊ पत्रिकेपुरते तरी एकत्र आहेत की नाहीत, हे जितके पत्रिकेच्या शेवटच्या पानावरून कळे, तितके ताळेबंदावरून कळत नसे. नावांची यादी स्वतंत्र पानावर घ्यावी, अक्षर लहान ठेवावे, पण ती गाळू नये. नाव गाळल्याने वाचलेली जागा पुढे दहा वर्षे महाग पडते.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे चौविहाराची वेळ. ‘स्नेहभोजन : सायंकाळी सातपासून’ हे वाक्य सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या पाहुण्याला काय सांगते? माघ-फाल्गुनात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. नागपूर आणि मुंबई यांच्या सूर्यास्तातही फरक असतो. लग्नाच्या गावचा त्या दिवसाचा सूर्यास्त पाहून चौविहाराची व्यवस्था किती ते किती, हे अंकांत छापावे. हल्ली हा तपशील क्यूआर कोडमागच्या संकेतस्थळावर टाकतात. ज्यांना त्याची गरज आहे, त्या आजी-आजोबांना तो कोड उघडता येत नाही.

तिथी आणि संवत या बाबतीत तर फार सावध राहिले पाहिजे. २०२६ च्या अक्षय्य तृतीयेचा विवाह घ्या. मारवाडी घराची पत्रिका विक्रम संवत २०८३ म्हणेल, गुजराती व्याह्यांची २०८२ म्हणेल आणि दोन्ही बरोबर असतील. कारण एकांचे वर्ष चैत्रात बदलते, दुसऱ्यांचे कार्तिकात. शके १९४८, वीर निर्वाण संवत २५५२. महाराष्ट्र-गुजरातेतील चैत्र वद्य म्हणजे राजस्थानातील वैशाख वदी, हेही लक्षात ठेवावे लागते. दोन घरांनी एकच पत्रिका काढायची असेल, तर कोणती गणना धरली ते आधी ठरवावे. जुन्या वर्षीच्या पत्रिकेवरून मजकूर उचलणाऱ्या छापखान्याला हे कळत नाही आणि फोनवरील तयार साच्याला तर नाहीच.

तयार साच्यांचा आणखी एक त्रास देवनागरीचा आहे. पुष्कळ आराखडे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यात मराठी मजकूर ओतला, की रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मुद्रिते तपासण्याचे काम म्हणूनच घरातील मराठी नीट वाचणाऱ्या ज्येष्ठाकडे द्यावे, आणि पडद्यावर नव्हे, कागदावर. तारीख आणि वार जुळतात का, हे दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहावे. चि. आणि चि. सौ. कां. यांची अदलाबदल झालेली पत्रिका मी स्वतः पाहिली आहे. पाहुण्यांना पुढील सहा महिने पुरेल एवढा विनोद त्यातून झाला.

कागदाचे पुढे काय होते, हाही विचार हवा. प्लास्टिकचे लॅमिनेशन, फॉइल आणि चकाकी असलेला कागद रद्दीवालाही कुरकुरत घेतो, कारण त्याचा लगदा नीट होत नाही. तीर्थंकरांची चित्रे किंवा नवकार मंत्र छापलेली पत्रिका शेवटी त्याच रद्दीत जाते आणि आशातना घडते, ही आपल्याकडील अनेक घरांची खंत आहे. चित्राऐवजी स्वस्तिक, कलश अशी मंगलचिन्हे घेण्याची चाल त्यामुळे पुन्हा रुजते आहे, हे चांगले लक्षण आहे. ज्यांना वेगळेपण हवे, त्यांनी हातकागद पाहावा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून चालत आलेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होणारा हा कागद खरबरीत असतो, पण त्यावर गडद शाईतील मजकूर उठून दिसतो. बिया मिसळलेल्या कागदाचीही सध्या हौस आहे. त्यावर मात्र बारीक अक्षर छापायचा हट्ट धरू नये. बी जिथे वर येते, तिथे अक्षर तुटते.

फोनवरील पत्रिकेबद्दल सर्वांत गंभीर गोष्ट सांगायची राहिली. लग्नपत्रिकेच्या नावाने ‘एपीके’ प्रकारची फाईल पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार २०२४ पासून देशभर घडत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच पत्रिकेमुळे सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ही फाईल म्हणजे पत्रिका नसून एक ॲप असते. ते बसले की बँकेचे ओटीपी परस्पर वाचले जातात आणि तीच ‘पत्रिका’ आपल्या नावाने आपल्या सर्व परिचितांना जाते. म्हणून पाठवणाऱ्याचे नाव मामांचे दिसले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. ओळख सोपी आहे : खरी पत्रिका चित्र, पीडीएफ किंवा चित्रफीत असते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. शंका आल्यास मामांनाच फोन लावावा. चुकून फाईल उघडली गेली असेल, तर त्या फोनचे इंटरनेट लगेच बंद करून दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी गोठवता येणे हे त्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असते. पेढीचे चालू खाते ज्या फोनवर चालते, तो फोन तर आमंत्रणे उघडण्यासाठी वापरूच नये.

आपण स्वतः फोनवर आमंत्रण पाठवणार असाल, तर साधी पीडीएफ पाठवावी आणि आधी किंवा नंतर एक फोन करावा. सर्वांसाठी उघड असलेल्या स्टेटसवर पूर्ण पत्रिका लावू नये. कोणत्या दिवशी कोणत्या वेळी सारे घर कुलूपबंद असेल, हे तीत तपशीलवार लिहिलेले असते. आणि पेटी काढा, चित्रफीत काढा, काहीही काढा, पण पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत पूर्ण मजकुराच्या चार प्रती छापून घ्याव्यात. दोन विवाह नोंदणीच्या कागदांत, एक हॉलच्या व केटररच्या पावत्यांसोबत फाईलमध्ये, आणि एक मुलीच्या पेटीत.