घरातला दवाखाना आणि दारातली घंटागाडी

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, लोह्यातील कित्येक घरांचे दवाखाने झाले होते. त्या दिवसांत मी रुग्णांना मास्क लावण्यास, हातमोजे घालण्यास, रक्तातील साखर घरीच तपासण्यास सांगत असे. वापरून झाल्यावर या वस्तू कोठे टाकाव्यात, हे मात्र क्वचितच सांगितले. एके सकाळी कचरा गोळा करणाऱ्या एक मावशी तळहात धरून माझ्याकडे आल्या. पिशवी उचलताना इन्सुलिनची सुई त्यांच्या हातात शिरली होती. सुई कोणाच्या घरची, हे कळणे शक्य नव्हते. कदाचित माझ्याच एखाद्या रुग्णाची असेल. त्यांच्या पुढील तपासण्या निर्दोष आल्या. पण तोवरचे महिने त्यांनी धास्तीत काढले.

महामारीत कचऱ्याचे केवळ प्रमाण वाढत नाही, त्याचे स्वरूपही बदलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत देशात सुमारे ३३,००० टन कोविड-कचरा निर्माण झाला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक होता. प्रारंभी विलगीकरणातील रुग्णांचे उष्टे अन्न व वेष्टनेही अनेक ठिकाणी पिवळ्या पिशवीत जात. जुलै २०२० च्या सुधारित सूचनांनी हा साधा कचरा वेगळा ठेवण्यास सांगितले. कारण उघड आहे : मूठभर दूषित वस्तू मिसळल्या की सारी पिशवीच दूषित ठरते.

लाट ओसरली, घरातले उपचार मात्र राहिले. मधुमेही आजोबांची सुई, अंथरुणाला खिळलेल्या आजींचे डायपर, जखमेची पट्टी, मुदत संपलेल्या गोळ्या हे सारे रोजच्या कचऱ्यात जाते. रुग्णालयातील सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात पडते. तीच सुई घरी भाजीच्या देठांत पडते. दूषित सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी. सुया व लॅन्सेट जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या रिकाम्या बाटलीत टाकाव्यात. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. पाऊण भरताच झाकण चिकटपट्टीने बंद करावे. ती कोठे द्यावयाची, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे किंवा घंटागाडीवाल्यांच्या हाती सांगून वेगळी द्यावी. डायपर व रक्ताळलेल्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र ठेवाव्यात. श्वसनाचा संसर्ग झालेल्या रुग्णाचा मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवावा, मग कापून सुक्या कचऱ्यात टाकावा. कोविडकाळातील ही सूचना आजही उपयोगी आहे.

अंगणात कचरा पेटवण्याची आपल्याकडील सवय मात्र सोडावी. प्लास्टिकच्या धुरातून विषारी वायू निघतात आणि दम्याच्या ज्येष्ठांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. दम्याचा पंप विस्तवात टाकल्यास त्याचा स्फोट होऊ शकतो. जुन्या गोळ्या गटारात टाकू नयेत.

सुई टोचलीच, तर जखम दाबू नये, बोट तोंडात घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या काही तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. हिपॅटायटिस बीची लस घरातील शुश्रूषकांनी आधीच घेतलेली बरी.

आता इन्सुलिन लिहून देताना मी सुईच्या बाटलीविषयीही सांगतो. डॉक्टर सांगण्यास विसरले, तर आपण विचारावे : ‘हे वापरून झाल्यावर कोठे टाकू?’ आपल्या घरातील आजार आपण सोसतोच. तो आपला कचरा उचलणाऱ्या हातांपर्यंत पोहोचू नये.