तंत्रनिकेतनात प्रवेश घेतल्यानंतर : आपल्या मुलांच्या हक्काच्या सोयी

दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या आवारात पालकांची वर्दळ सुरू होते. "सर, पोराला पॉलिटेक्निकला घालू का?" हा प्रश्न दरवर्षी असतोच. प्रवेशाची प्रक्रिया समजावून सांगणारे आता गावोगावी आहेत. प्रवेशानंतरच्या तीन वर्षांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी गणितात उत्तम गुण मिळवून येथून गेलेला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत पत्र्याची पेटी घेऊनच परतला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपल्यामुळे त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला होता. खोलीचे भाडे थकले होते. इंग्रजीतून शिकविले जाणारे यंत्रशास्त्र डोक्यावरून जात होते. "कोणाला विचारलेस का?" असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, "कोणाला विचारायचं असतं, सर?" पुढे तो परत गेला, पदविकाही पूर्ण केली, परंतु त्याचे एक वर्ष वाया गेले. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला येथून जाताना मिळायला हवे होते. ते आम्ही दिले नव्हते, ही आमची उणीव होय.

या सोयींमागचा इतिहास

या सोयी कोणाच्या मेहेरबानीने आलेल्या नाहीत. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, कारण राहण्याजेवण्याची सोय नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही उपयोग नाही, हे ते जाणून होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी सविस्तर निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रविषयक उच्च शिक्षणासाठी सरकारी साहाय्याची मागणी होती. केवळ कला किंवा कायद्याची पदवी समाजाला पुरेशी नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपला मुलगा जो अर्ज भरतो, त्याचे मूळ तेथे आहे.

शुल्क व शिष्यवृत्ती

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. तीत शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाहभत्ता येतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास राज्य शासनाच्या शुल्कमाफीच्या योजनेत शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती होते. दोन्हींसाठी 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पुढील प्रत्येक वर्षी अर्जाचे नूतनीकरण आवश्यक असते. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले, ही समजूत चुकीची आहे.

अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयातील लिपिकाच्या टेबलावरून पुढे जातो. तो तेथे अडकला आहे का, हे पंधरा दिवसांनी पाहावे. बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यास मंजूर रक्कमही जमा होत नाही.

जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे वेळेत काढून ठेवावीत. विशेषतः जात पडताळणीला वेळ लागतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला राखीव जागेवर जायचे असल्यास ती आधीच झालेली बरी. बौद्ध कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या; त्यासाठी दाखला विहित नमुन्यात असावा लागतो.

निवास

समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांत निवास व भोजन विनामूल्य असते. तेथे जागा न मिळाल्यास निराश होऊन परत येऊ नये. अशाच विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या महानगरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. गुण, हजेरी, उत्पन्न आणि घरापासून दूर शिकत असल्याची अट असते. रक्कम हप्त्यांनी व बहुधा उशिरा येते. पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची तरतूद घरातून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून करून ठेवावी. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या जिल्हा कार्यालयात पाहून घ्यावा.

अभ्यास

तंत्रनिकेतनातून मुले गळतात ती बहुधा पहिल्या वर्षी, गणित व इंग्रजी यांच्या कात्रीत सापडून. ग्रंथपालाकडे पुस्तक पेढी योजनेची चौकशी करावी; अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाच्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना तीतून पाठ्यपुस्तके वापरायला मिळतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 'ई-कुंभ' या संकेतस्थळावर मराठीतील तंत्रविषयक पाठ्यपुस्तके विनामूल्य ठेवली आहेत. ती आधी वाचून मग इंग्रजी पुस्तक उघडल्यास संकल्पना लवकर उमगते. अनेक संस्थांत मागे पडलेल्यांसाठी पूरक तासिका होतात आणि ठराविक विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक नेमलेला असतो. त्याचे नाव पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

सन्मान आणि मन

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार प्रत्येक तंत्रसंस्थेत रॅगिंगविरोधी समिती, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मुलींसाठी अंतर्गत समिती आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीची समिती असली पाहिजे. सदस्यांची नावे फलकावर असतात. ती वहीत उतरवून घ्यावीत. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर कोणत्याही वेळी करता येते. आडनाव विचारून खोलीतून वेगळे बसविणे, 'कोट्यातला' म्हणून हिणविणे, हे थट्टामस्करीत मोजायचे नसते. तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवून लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी.

२०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाच्या मृत्यूने सारा देश हादरला. त्यानंतर तरी आपण मनाच्या दुखण्याविषयी बोलायला शिकले पाहिजे. संस्थेत समुपदेशक असल्यास त्याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.

शिक्षणाकडून रोजगाराकडे

प्रशिक्षण व नियुक्ती कक्षात केवळ अंतिम वर्षाच्या मुलांनी जायचे असते, हा समज सोडावा. दुसऱ्या वर्षापासून नाव नोंदवावे. पदविकेनंतर शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एक वर्ष विद्यावेतनासह उद्योगात काम करण्याची संधी असते. ज्याच्या घरात कारखान्याची ओळख देणारे कोणी नाही, त्याच्यासाठी ती पहिली ओळख ठरते.

आपण काय करावे

आपल्या शाळेत पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या वंदनेपर्यंत मुलांना सारे वेळेवर मिळते. मागावे लागत नाही. हे आपल्या शाळेचे बलस्थान असले, तरी बाहेर पडताना तीच मुलांची अडचण होते. म्हणून निरोप समारंभाआधी प्रत्येकाकडून एक अर्ज लिहून घेणे आणि त्याच्या हाती कागदपत्रांची धारिका देणे, एवढे आम्ही शिक्षकांनी करावे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी : ज्या शहरात आपण आहात, तेथे आपल्या शाळेचे एखादे मूल प्रवेश घेत असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्यासोबत कार्यालयापर्यंत जा. शिष्यवृत्तीची खिडकी, ग्रंथालय आणि पालक-शिक्षक दाखवून द्या. दिवाळीपूर्वी एकदा त्याच्या खोलीवर जाऊन चौकशी करा. आपल्याला त्यासाठी एखादा दिवस लागेल; त्या मुलाचे एक वर्ष वाचेल.

जय भीम!